विहिरीवरची मोटर कशी फिरते?

आपला सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. नदीकाठ आणि कालव्याखालची जमीन सोडली, तर बाकीची पुष्कळ शेती विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालते. सांगोल्याची डाळिंबं असोत, माळशिरसचा ऊस असो, की पंढरपूरकडची द्राक्षं असोत. पाणी उपसल्याशिवाय पीक हाती लागत नाही.

पूर्वी हे काम मोट करी. बैलांची जोडी पहाटेपासून धावेवर पुढं-मागं करी. नाडा कुरकुरे, मोट वर येई आणि थारोळ्यात पाणी पडे. आता ते काम मोटर करते. बटण दाबलं की पाणी. मोटरीला वैरण लागत नाही. पण वीज लागते. आणि मोटर जळाली, तर घरधन्याला चांगलीच झळ बसते. रिवायंडिंगचा खर्च होतोच, शिवाय तेवढे दिवस पीक तहानलेलं राहतं.

मोटर का जळते, हे समजायला ती का फिरते, हे आधी समजलं पाहिजे. ते काही फार अवघड नाही. दोनच गोष्टी ध्यानात घ्यायच्या आहेत. पहिली गोष्ट : तारेतून वीज गेली, की तारेच्या अंगी लोहचुंबकाचा गुण येतो. दुसरी गोष्ट : तारेजवळ लोहचुंबक हलला, की तारेत वीज तयार होते. आपल्या विहिरीवरची मोटर पहिल्या गोष्टीवर चालते. उजनी धरणावरचं वीजघर दुसऱ्या गोष्टीवर चालतं. आता एकेक गोष्ट पाहू.

तार आणि सुई

लोहचुंबक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो लोखंड ओढून घेतो. त्याला दोन टोकं असतात. त्याला दोऱ्यानं मधोमध टांगला, तर एक टोक उत्तरेकडे राहतं आणि दुसरं दक्षिणेकडे. दोन लोहचुंबक जवळ आणले, तर वेगवेगळी टोकं एकमेकांना ओढतात. सारखी टोकं एकमेकांना दूर लोटतात. ओढणं आणि लोटणं, हे दोन्ही ध्यानात ठेवा. मोटरीत त्याचंच काम आहे.

१८२० साली युरोपातल्या डेन्मार्क देशात ओर्स्टेड नावाचे एक शिक्षक होते. विजेच्या तारेजवळ होकायंत्र होतं. होकायंत्र म्हणजे उत्तर दिशा दाखवणारी लोहचुंबकाची सुई. तारेतून वीज सोडली, तशी सुई हलली. वीज बंद केली, तशी सुई पुन्हा जागेवर आली. सुईला कोणी हात लावला नव्हता. मग तिला हलवलं कोणी? तारेतल्या विजेनं. वीज आणि लोहचुंबक यांचं नातं आहे, हे त्या दिवशी दिसून आलं.

घरी करून पाहा

ही गोष्ट आपल्यालाही पाहता येते. तीन इंची लोखंडी खिळा घ्या. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तांब्याची बारीक तार घ्या. दोन हात लांब असली तर पुरे. ती खिळ्यावर एकाच दिशेनं गुंडाळा. वेढे जवळजवळ घाला. तारेची दोन्ही टोकं थोडी सोलून टॉर्चच्या एका सेलच्या दोन टोकांना लावा. आता खिळा टाचण्यांजवळ न्या. टाचण्या पटकन चिकटतील. तार सेलपासून काढा. टाचण्या खाली पडतील. एखादी चिकटून राहिली, तर खिळ्यात थोडा गुण मागं राहिला असं समजा.

तार सेलला पाच-सहा सेकंदच लावा. नाहीतर तार तापते आणि सेल लवकर संपतो. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा : ही तार घरातल्या प्लगला कधीही लावायची नाही. सेलची वीज टाचण्या उचलते. प्लगची वीज जीव घेते.

आता वेढे वाढवून पाहा. जास्त टाचण्या उचलल्या जातील. यातून तीन गोष्टी कळतात. वेढे वाढवले की जोर वाढतो. वीज वाढवली की जोर वाढतो. आणि वीज बंद केली की जोर जातो. साध्या लोहचुंबकाला सोड म्हटलं तर तो सोडत नाही. हा विजेचा लोहचुंबक मात्र आपल्या हुकमात राहतो. त्याचं सगळं मोल यातच आहे. तारेच्या अशा गुंडाळीला वेटोळं म्हणतात. कारागीर तिलाच कॉईल म्हणतात.

असा चांगला कामाचा विजेचा लोहचुंबक १८२५ साली इंग्लंडातल्या विल्यम स्टर्जन यांनी करून दाखवला. त्यांनी सुमारे २०० ग्रॅम लोखंडावर तार गुंडाळली, आणि त्या लोखंडानं सुमारे चार किलो वजन उचललं. स्टर्जन हे काही मोठ्या घरचे नव्हते. त्यांनी लहानपणी चांभारकाम शिकलं होतं.

स्टर्जन यांची तार उघडी होती. उघड्या तारेचे वेढे एकमेकांना टेकले, तर वीज वेढ्यावेढ्यानं न जाता जवळच्या वाटेनं निघून जाते. म्हणून वेढे लांब-लांब घालावे लागत. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री यांनी तारेवरच रेशीम गुंडाळलं. रेशमातून वीज जात नाही. मग वेढे चिकटून घातले तरी चालले, एकावर एक थरही देता आले. लोहचुंबकाचा जोर कितीतरी पटीनं वाढला. आज मोटरीच्या तारेवर रेशमाऐवजी वार्निशचा पातळ थर असतो. हा थर विसरू नका. मोटर जळते म्हणजे बहुतेक वेळा हा थरच जळतो.

हा लोहचुंबक कुठं कुठं आहे?

शाळेतली विजेची घंटा घ्या. बटण दाबलं की लोहचुंबक दांडी ओढतो आणि टोला पडतो. दांडी ओढली गेली की विजेची वाट तुटते. लोहचुंबक तिला सोडून देतो. दांडी मागं आली की वाट पुन्हा जुळते. असं एका क्षणात अनेकदा होतं, म्हणून घंटा खणखणते.

कीर्तनाच्या कर्ण्यातही तेच आहे. कर्ण्याच्या आत एक बारीक पडदा असतो. पडद्याला हलकंसं वेटोळं जोडलेलं असतं, आणि शेजारी लोहचुंबक असतो. बुवांच्या आवाजाप्रमाणे वेटोळ्यातली वीज कमी-जास्त होते. वेटोळं तसतसं हलतं, पडदा हलतो, आणि आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो. खिशातल्या मोबाईलमध्येही असंच इवलंसं वेटोळं आहे.

सोलापूर शहरात चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग पाहा. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक चिन्हाची सरकारी नोंद मिळाली. त्या मागावरचा धोटा इकडून तिकडं जातो, फणी ठोका देते. पण त्यामागं जोर मोटरीचा असतो. मुंबईहून सोलापूरला २०२३ सालापासून वंदे भारत गाडी येते. तिची चाकंही विजेच्या मोटरी फिरवतात. मोटर लहान असो की मोठी, तत्त्व एकच.

मोटरीच्या पोटात काय आहे?

मोटरीत दोन भाग असतात. बाहेरचा भाग जागेवरून हलत नाही. त्यात तारेची वेटोळी बसवलेली असतात. आतला भाग फिरतो. त्याच्या दांड्याला पंप जोडलेला असतो.

शेतावर तीन फेजची वीज येते. फेज म्हणजे वीज आणणारी एक तार. या तिन्ही तारांत वीज एकाच वेळी सारखी नसते. आधी एकीत जोर चढतो, मग दुसरीत, मग तिसरीत. तिसरीनंतर पुन्हा पहिलीत. त्यामुळं वेटोळ्यांतला लोहचुंबकाचा जोर गोल फिरत राहतो.

असं समजा, मध्ये एक वासरू आहे. तीन बाजूंना तीन माणसं वैरणीची पेंढी घेऊन उभी आहेत. तिघांनी पाळीपाळीनं पेंढी दाखवली, तर वासरू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे वळेल. असं ते गोल फिरत राहील. मोटरीतला आतला भाग त्या वासरासारखा फिरणाऱ्या जोराच्या मागं धावतो.

आपल्या देशात विजेची ही पाळी एका सेकंदात ५० वेळा येते. म्हणून पुष्कळ पंपांच्या मोटरीत जोराचा फेरा मिनिटाला ३००० वेळा होतो. आतला भाग त्याच्या थोडा मागं राहतो. म्हणून मोटरीच्या पाटीवर पुष्कळदा २८८० असा आकडा दिसतो. मोटर एका मिनिटात इतके फेरे घेते, असा त्याचा अर्थ.

दोन तारांची अदलाबदल झाली तर? पाळी उलटी होते. वासरू उलटं फिरतं. मोटर घुं-घुं करून जोरात चालते, पण पाणी कमी येतं किंवा येतच नाही. दुरुस्तीनंतर असं झालं, तर मोटर बंद करून वायरमनला सांगा. तारा आपण बदलायच्या नाहीत.

वीज येते कुठून?

आता दुसरी गोष्ट. विजेपासून लोहचुंबक होतो. मग लोहचुंबकापासून वीज का होऊ नये? हा प्रश्न इंग्लंडातल्या मायकेल फॅरडे यांना पडला. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. शिक्षण बेताचंच झालेलं. पोट भरण्यासाठी ते पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला राहिले. बांधायला आलेली पुस्तकं ते वाचून काढत. वाचता वाचता त्यांना विजेची गोडी लागली. १८३१ साली त्यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला. वेटोळ्यात वीज निर्माण झाली. लोहचुंबक थांबला, की वीजही थांबली. म्हणजे वीज हवी, तर हालचाल चालूच राहिली पाहिजे.

पूर्वी सायकलीला डायनामो असे. चाक फिरलं की दिवा लागे. सायकल थांबली की दिवा विझे. त्यात वेटोळ्याजवळ एक लोहचुंबक फिरत असे. उजनीलाही तेच आहे, फक्त मोठ्या मापाचं. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. धरणाचं पाणी उंचावरून खाली येतं आणि मोठं पातं असलेलं चाक फिरवतं. चाकाच्या दांड्यावर विजेचा लोहचुंबक असतो. तो वेटोळ्यांमध्ये फिरला, की वीज तयार होते. या वीजघराची ताकद १२ मेगावॅट आहे. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. पाच हॉर्सपॉवरच्या सुमारे अडीच हजार मोटरी एका वेळी चालतील, एवढी ही वीज झाली.

सोलापूरजवळ फताटेवाडीला याहून कितीतरी मोठं वीजघर आहे. तिथं ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ साली चालू झाला, दुसरा २०१९ साली. तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, आणि ती वाफ चाक फिरवते. फिरवणारं पाणी असो की वाफ असो, वेटोळं आणि लोहचुंबक यांचा खेळ तोच.

डीपी गुणगुणते का?

वीज लांब न्यायची असेल, तर तिचा दाब फार वाढवतात. दाब मोजण्याचं माप म्हणजे व्होल्ट. दाब वाढवला, की तेवढंच काम थोड्या करंटवर भागतं. करंट थोडा, म्हणून तारा कमी तापतात आणि वीज कमी वाया जाते. रायचूर ते सोलापूर ही तर ७ लाख ६५ हजार व्होल्टची वाहिनी आहे. ती ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली. त्याआधी दक्षिणेकडच्या राज्यांचं विजेचं जाळं बाकीच्या देशापासून वेगळ्या तालावर चालत होतं. या वाहिनीनं दोन्ही जाळी एका तालात आणली. सोलापूर असं देशाच्या विजेच्या नकाशावर मोक्याच्या जागी बसलं आहे.

पण एवढा दाब मोटरीला सोसत नाही. म्हणून तो टप्प्याटप्प्यानं उतरवतात. गावाजवळ ११ हजार व्होल्टची तार येते. तिथं असते आपली डीपी. तिला रोहित्र म्हणतात. कारागीर ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तिच्यात लोखंडी पत्र्यांच्या एका गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एकाला वेढे जास्त, दुसऱ्याला कमी. पहिल्या वेटोळ्यातल्या विजेनं गाभ्यात लोहचुंबकाचा गुण येतो. तो सारखा चढतो आणि उतरतो. त्यामुळं दुसऱ्या वेटोळ्यात वीज तयार होते. वेढे कमी, म्हणून दाब कमी. मोटरीला सुमारे ४१५ व्होल्ट मिळतात आणि घरात २३०. गाभ्यातला जोर सेकंदाला शंभर वेळा चढतो-उतरतो, म्हणूनच डीपी गुणगुणते.

डीपीत तेल असतं. ते वेटोळी थंड ठेवतं आणि विजेला भलतीकडे जाऊ देत नाही. ते तेल कोणी चोरलं, तर डीपी जळते आणि अनेकांच्या विहिरी एकदम बंद पडतात.

मोटर का जळते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तारेतून ठराविकपेक्षा जास्त करंट गेला, की तार तापते. तार फार तापली, की तिच्यावरचं वार्निश जळतं. मग वेढे एकमेकांना टेकतात, वीज जवळच्या वाटेनं धावते, आणि मोटर गेली. जास्त करंट जाण्याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं, फेज जाणं. तीनपैकी एक तार बंद पडली, तर पाळी मोडते. राहिलेल्या दोन तारांचा जोर एकाच रेषेत पुढं-मागं होतो. वासराला गोल कोण फिरवणार? थांबलेली मोटर मग नुसती घुमते, फिरत नाही. चालू असलेली मोटर कशीबशी फिरते. पण तिघांचं ओझं दोघांवर येतं आणि ती तापते.

दुसरं, दाब कमी होणं. पाणी तर तेवढंच उपसायचं असतं. दाब कमी, म्हणून मोटर जास्त करंट ओढते. शेजारी कोणी आकडा टाकून वीज घेतली, तर डीपीवर ओझं वाढतं आणि सर्वांचाच दाब उतरतो.

तिसरं, पंप अडकणं. गाळ, कचरा किंवा झिजलेलं बेअरिंग यांमुळं पंप जड झाला, तरी मोटर जास्त करंट ओढते.

यावर राखणदार म्हणून स्टार्टर असतो. स्टार्टरमध्येही एक विजेचा लोहचुंबक आहे. हिरवं बटण दाबलं की तो पट्टी धरून ठेवतो. वीज गेली की पट्टी सोडून देतो. वीज परत आली, तरी मोटर आपोआप चालू होत नाही. करंट फार वाढला, तर स्टार्टरमधला दुसरा भाग तापून वाट तोडतो. म्हणून स्टार्टरची पट्टी दोरीनं बांधू नका, काडी खोचू नका. फ्यूजला जाड तार घालू नका. तसं करणं म्हणजे राखणदाराचे हात बांधणं.

रात्रीची वीज येते म्हणून पुष्कळ जणांनी ऑटो बसवला आहे. ऑटो असला, तर वीज येताच मोटर आपोआप चालू होते. सोय खरी, पण यात धोका आहे. वीज गेलेली असताना माणूस विहिरीत उतरतो, फूटव्हॉल्व्ह साफ करतो, आणि तेवढ्यात वीज येते. म्हणून पंपाला हात लावण्याआधी ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा, आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. ओल्या हातानं पेटीला हात लावू नका. मोटरीला आणि पेटीला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्या. डीपीवर तर आपण कधीही चढायचं नाही, मग फ्यूज कितीही लहान असो.

पाटी आणि काटे वाचा

आपण आता वाचायला शिकलो आहोत. त्याचा उपयोग विहिरीवर करा. मोटरीच्या अंगावर एक पाटी असते. तिच्यावर हॉर्सपॉवर, व्होल्ट, ॲम्पिअर आणि मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. अक्षरं इंग्रजी असली, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून एकदा समजून घ्या. ते चार आकडे आपल्या वहीत मराठीत उतरवून ठेवा. मोटर रिवायंडिंगला दिली, तरी ते उपयोगी पडतील.

स्टार्टरच्या पेटीवर बहुधा दोन काटे असतात. एक व्होल्टचा, दुसरा ॲम्पिअरचा. ॲम्पिअर हे करंटचं माप. व्होल्टचा काटा ४१५च्या आसपास हवा. तो ३५०च्या खाली असेल, तर मोटर चालू करू नका. ॲम्पिअरचा काटा पाटीवरच्या आकड्याच्या वर जाऊ नये. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला साधारण सात-आठ ॲम्पिअर लागतात. काटा त्याहून बराच पुढं गेला, किंवा मोटर नुसती घुमू लागली, तर लगेच लाल बटण दाबा.

काट्याकडे पाहायला क्षणभर लागतो. घरातल्या प्रत्येकानं, बायकांनी आणि मोठ्या मुलांनीही, हे दोन काटे वाचायला शिकावं. रात्री पाणी द्यायला जो कोणी जाईल, त्यानं आधी ऊन-पावसातल्या त्या पेटीवर बॅटरीचा उजेड टाकावा, काटे पाहावे, आणि मगच हिरवं बटण दाबावं.